मुलांच्या हाती वाहन देण्यापूर्वी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस या संमेलनात दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली आणि विषयाची निवड आमच्यावरच सोपविली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. शिक्षणाचा प्रसार, हुंड्याची रूढी, विवाहकार्यातील उधळपट्टी या विषयांवर या व्यासपीठावरून आजवर अनेक विद्वानांनी आपले विचार मांडलेले आहेत. आम्ही पडलो मॅट्रिकपर्यंत शिकलेले साधे शिक्षक. तेव्हा विद्वत्तेच्या प्रांतात न शिरता, घराघरांत रोज घडणाऱ्या एका गोष्टीकडे आपले लक्ष वेधावे असे आम्हांस वाटते. आपल्या वयात आलेल्या मुलामुलींना वाहन चालविण्यास कोणी, केव्हा आणि कसे शिकवावे, आणि या कामी मातापित्यांचे कर्तव्य काय, हा तो विषय होय.

विषय प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटेल. परंतु क्षणभर असा विचार करावा की, ज्या मुलाच्या जन्मापासून त्याच्या दहावीच्या निकालापर्यंत आपण रक्ताचे पाणी करतो, तो मुलगा एका संध्याकाळी गाडी घेऊन घराबाहेर पडतो आणि परत येत नाही. अशी घरे आपल्या ज्ञातीत आहेत. त्यांची नावे घेण्याचे प्रयोजन नाही. आपण सर्वजण त्यांच्या दारी जाऊन बसलेलो आहोत. केंद्र शासनाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. म्हणजे दररोज सरासरी ४६२ घरांत सुतक आले. यांपैकी ५०,०२९ जण दुचाकीवर शिरस्त्राण, म्हणजे हेल्मेट, न घालता बसलेले होते. एखाद्या साथीच्या रोगाने एवढी माणसे नेली असती तर आपण गावोगाव सभा भरविल्या असत्या.

आपला नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. तेव्हापासून आजपर्यंत रस्ते वाढले, शेतीचे रूप पालटले आणि ज्या घरी एक सायकल म्हणजे चैन होती त्या घरी आज फटफटी, ट्रॅक्टर आणि क्वचित् मोटारही उभी आहे. ही प्रगती आहे व तिचे आम्ही स्वागत करतो. शहाद्याच्या परिसरातील ऊस, केळी आणि पपई, नंदुरबारची मिरची, नवापूरकडील भात, हे सारे वाहनांवाचून बाजारापर्यंत पोहोचणार नाही. शेत गावापासून दूर, महाविद्यालय तालुक्याला, आणि एस.टी.ची फेरी दिवसातून मोजकी. अशा स्थितीत मुलांनी वाहनास हातच लावू नये असे सांगणारा मनुष्य व्यवहार जाणत नाही असेच म्हणावे लागेल. वाहन शिकू द्यावे की नाही, हा वादच नाही. ते शिकवावे कसे, हा खरा प्रश्न आहे.

शेतकऱ्याच्या घरी या प्रश्नाचे उत्तर पूर्वापार चालत आलेले आहे. नवा गोऱ्हा कामाला लावायचा असला म्हणजे आपण त्याला एकदम भरल्या गाडीला जुंपून हमरस्त्यावर हाकीत नाही. प्रथम त्याच्या मानेला जुवाची सवय लावतो. मग शिकलेल्या, शांत बैलाच्या जोडीला त्याला मोकळ्या रानात फिरवितो. पुढे हलके काम, मग रिकामी गाडी आणि सर्वांत शेवटी भरली गाडी. सारंगखेड्यास दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेथे लाखो रुपयांचा उमदा घोडा पाहून आपण हरखून जातो. परंतु आपल्या पंधरा वर्षांच्या मुलाला त्या अनोळखी घोड्यावर बसवून 'सोडा लगाम' असे कोणी म्हणत नाही. मग ज्या यंत्राच्या अंगी अनेक घोड्यांचे बळ आहे, त्याची किल्ली त्याच मुलाच्या हाती आपण इतक्या निश्चिंतपणे कशी देतो? घोडा निदान संकट पाहून थबकतो. यंत्राला डोळे नसतात. त्याचे डोळे म्हणजे चालविणाराच.

आता कायदा काय सांगतो ते पाहू. मोटार वाहन कायदा, १९८८ याप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन चालविण्यास वयाची १८ वर्षे पूर्ण झालेली असली पाहिजेत. १६ वर्षे पूर्ण झालेल्यास ५० घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाची मोटारसायकल चालविण्याची मुभा आहे, तीही परवाना काढून आणि पालकांची लेखी संमती घेऊन. आपल्या घरांतील १०० वा १२५ घनसेंटिमीटरच्या गाड्या या सवलतीत बसत नाहीत, हे अनेक पालकांस ठाऊक नसते. ट्रॅक्टरही सार्वजनिक रस्त्यावर आणावयाचा तर १८ वर्षे वय आणि परवाना ही दोन्ही हवीत.

२०१९ साली या कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ सप्टेंबर २०१९ पासून कलम १९९-अ लागू झाले. त्यान्वये अज्ञान मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर त्याचा पालक अथवा वाहनाचा मालक दोषी मानला जातो. त्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड सांगितला आहे. वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलास वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना मिळत नाही. आपणांस हे ठाऊक नव्हते, अथवा आपण योग्य ती खबरदारी घेतली होती, हे सिद्ध करण्याची जबाबदारी पालकावरच आहे. शिवाय परवाना नसलेल्याच्या हातून कोणी दगावला तर विमा कंपनी नुकसानभरपाईची रक्कम वाहनमालकाकडून वसूल करू शकते. ज्याच्याजवळ चार बिघे जमीन आहे त्याने याचा अर्थ नीट समजून घ्यावा.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यातील कल्याणीनगर भागात १७ वर्षांच्या एका मुलाने चालविलेल्या भरधाव मोटारीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचे, एका मुलाचे आणि एका मुलीचे, प्राण घेतले. त्या मुलास जामीन देताना रस्ते अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घालण्यात आली, तेव्हा साऱ्या देशात संतापाची लाट उसळली आणि पुढे तो आदेश फिरला. मुलाचे वडीलही अटकेत गेले. आम्ही आयुष्यभर मुलांकडून निबंध लिहवून घेतले. निबंधाने अक्षर सुधारते, विचारही काही अंशी सुधारतो. पण गेलेला जीव परत येत नाही. हा प्रसंग श्रीमंतांच्या शहरातला, आमच्या खेड्यापाड्यांशी त्याचा काय संबंध, असे कोणी म्हणू नये. तेथे मोटार किमती होती आणि येथे फटफटी हप्त्यावर घेतलेली असते, एवढाच काय तो फरक. 'मुलगा आता मोठा झाला, चालवील' हे बापाचे वाक्य दोन्हीकडे एकच आहे.

हे वाक्य आपण का उच्चारतो, याचाही प्रामाणिकपणे विचार केला पाहिजे. पहिले कारण कामाची निकड. डेअरीला दूध घालायचे आहे, शेतात डबा पोहोचवायचा आहे, आणि घरी दुसरे कोणी नाही. दुसरे कारण कौतुक. मुलगा पाय न पुरता गाडी चालवितो हे पाहुण्यांसमोर सांगताना बापाची छाती फुगते. तिसरे कारण हट्ट. शेजारच्याने मुलास दहावी पास होताच गाडी घेऊन दिली, मग आपला मुलगा मागे कसा राहावा? या तिन्ही कारणांत मुलाच्या तयारीचा विचार कोठेच नाही, हे आपल्या ध्यानात येईल. निकडीला उपाय आहे, सायकल आहे, शेजारधर्म आहे. कौतुकाला आणि हट्टाला मात्र आपणच लगाम घातला पाहिजे.

परवान्याविषयी आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तो मिळाल्यापासून ३० दिवसांनंतर पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. हे ३० दिवस म्हणजे किमान मुदत होय. पूर्ण शिक्षणाची मुदत नव्हे. शिकाऊ इसम मोटार चालवीत असता शेजारी परवानाधारक शिकविणारा असलाच पाहिजे आणि वाहनास पांढऱ्या पाटीवर तांबडे 'एल' अक्षर लावले पाहिजे, असा नियम आहे. आपल्या शेतकरी भाषेत बोलायचे तर कायद्यानेही गोऱ्ह्याजवळ जुना बैल मागितला आहे. परंतु पक्का परवाना हाती पडला की त्याच दिवशी तो मुलगा रात्री, पावसात, मित्रांना पाठीमागे बसवून, महामार्गावर अथवा घाटात जाण्यास कायद्याने मोकळा होतो. न्यूझीलंड या देशाने १९८७ साली निराळी व्यवस्था सुरू केली. तेथे परवाना तीन पायऱ्यांनी मिळतो. मधल्या पायरीवर असलेल्या तरुणास रात्री १० ते पहाटे ५ या वेळात एकट्याने वाहन चालविता येत नाही आणि सोबत जाणते माणूस असल्याखेरीज सामान्यतः मित्रमंडळीही बसविता येत नाही. अशी व्यवस्था पुढे इतर अनेक देशांनी स्वीकारली. आपल्या कायद्यात या मधल्या पायऱ्या नाहीत. त्या आपण आपल्या घरी बांधाव्यात, हेच आमच्या आजच्या सांगण्याचे सार आहे.

या घरच्या पायऱ्या कोणत्या, ते आता क्रमाने सांगतो.

पहिली पायरी वाहन चालविण्याच्या पुष्कळ आधीची आहे. मूल सात-आठ वर्षांचे असल्यापासून ते आपल्या पाठीमागे बसून आपणांस पाहत असते. आपण हेल्मेट हँडलला अडकवून चालतो, की पट्टा आवळून डोक्यावर घालतो? खांदा आणि कान यांमध्ये मोबाईल दाबून बोलतो, की गाडी थांबवून? शाळेत पाठ्यपुस्तक असते. रस्त्यावर बाप हेच पाठ्यपुस्तक. दारू पिऊन गाडी चालविणाऱ्या पित्याने मुलास सुरक्षिततेचा उपदेश करू नये. त्याचा उपयोग होत नाही.

दुसरी पायरी सायकलीची. डाव्या बाजूने चालणे, वळण्याआधी हात दाखविणे, मागे पाहणे, हे सारे सायकलीवरच अंगवळणी पडते. ज्याला सायकलीवर धीर नाही त्याला फटफटीवर तो येणार नाही.

तिसरी पायरी मोकळ्या मैदानाची. वय भरले आणि शिकाऊ परवाना हाती आला म्हणजे पहिले काही दिवस सकाळच्या उजेडात रिकाम्या मैदानावर शिकवावे. आरंभ वेगाने करू नये, थांबण्याने करावा. ज्यास थांबता येते त्यासच चालविता येते. क्लच सावकाश सोडणे, दोन्ही ब्रेक मिळून लावणे, आरशात पाहणे, ठरविलेल्या खुणेवर गाडी उभी करणे, हे दहा वेळा बिनचूक जमल्याशिवाय पुढे जाऊ नये.

चौथी पायरी गावरस्त्याची, पाचवी राज्यमार्गाची, सहावी रात्रीची आणि सातवी घाटाची. प्रत्येक पायरीवर काही आठवडे जाणत्या माणसाने बरोबर राहावे. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता असो की नवापूर, विसरवाडीवरून जाणारा सुरत-नागपूर महामार्ग, त्यांवर अवजड वाहनांची रीघ लागलेली असते. तेथे नवशिक्याने पुढे काढण्याची घाई करू नये, हे त्यास पुनःपुन्हा सांगावे.

येथे थोडे गणित सांगण्याचा मोह आम्हांस आवरत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. समोर बैल आडवा आला हे डोळ्यांनी पाहून हात-पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातोच. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच १७ मीटर संपले. त्यापुढे वेग दुप्पट झाला तर ब्रेक लागल्यावर थांबण्यास लागणारे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. हे गणित मुलाकडून अंगणात पावले मोजून करवून घ्यावे. उपदेश विसरला जातो. मोजलेले अंतर विसरले जात नाही.

आपल्या जिल्ह्याचे काही धोके खास आपले आहेत आणि ते कोणत्याही छापील पुस्तकात सापडणार नाहीत. उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्री रस्त्याने चाललेले असतात आणि पुष्कळांच्या मागे लाल दिवा वा चकाकणारी पट्टी नसते. मुलास सांगावे की, दिव्याच्या उजेडात जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग ठेवावा. आणि आपल्या घरच्या ट्रॉलीस तशी पट्टी आजच लावावी. पावसाळ्यात शेतातून निघालेल्या चाकांबरोबर काळी माती डांबरावर येते आणि रस्ता साबणासारखा निसरडा होतो. तेथे करकचून ब्रेक मारणारा हमखास पडतो. नाल्यावरील फरशीवरून पाणी वाहत असेल तर ते गुडघाभर दिसले तरी गाडी घालू नये. घरी उशीर झालेला चालतो.

घाटाविषयी विशेष सांगितले पाहिजे. २१ ऑक्टोबर २०२० रोजी कोंडाईबारी घाटात खासगी प्रवासी बस दरीत कोसळून पाच जणांचा मृत्यू झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये अस्तंब्याच्या यात्रेहून परतणाऱ्या भाविकांचे वाहन चांदसैली घाटात उलटून अनेक तरुण दगावले. तोरणमाळच्या वाटेवरही असे दुःखद प्रसंग घडलेले आहेत. म्हणून नव्या चालकाने मित्रांसह पावसाळी सहलीला तोरणमाळास स्वतः गाडी नेण्याचा आग्रह धरला तर आईबापांनी 'नाही' म्हणण्यास कचरू नये. ज्या गिअरमध्ये चढ चढावा लागतो त्याच गिअरमध्ये तो उतरावा, पेट्रोल वाचविण्यासाठी उतारावर गाडी बंद अथवा न्यूट्रलमध्ये सोडू नये, चढणाऱ्या वाहनास प्रथम वाट द्यावी आणि वळणावर कोणासही ओलांडू नये, एवढे चार नियम त्याने तोंडपाठ केलेले असावेत.

शिकविणाऱ्याच्या वृत्तीविषयीही बोलणे अगत्याचे आहे. वर्गात आम्ही असे पाहिले की, छडी उगारली की मुलास येणारे उत्तरही येईनासे होते. गाडीचेही तसेच आहे. शेजारी बसून ओरडणारा बाप मुलाचे लक्ष रस्त्यावरून काढून स्वतःकडे ओढून घेतो. चूक झाली तर गाडी बाजूस उभी करवावी आणि मग शांतपणे समजावावे. ज्या पित्यास हे साधत नाही त्याने मामा, काका अथवा चांगली चालकशाळा यांची मदत घ्यावी. मातांनीही हे पुरुषांचे काम म्हणून दूर राहू नये. 'पोहोचलास की फोन कर, गाडी चालविताना उचलू नकोस' हे वाक्य आईच्या तोंडचे असेल तर ते मुलाच्या कानात राहते.

मुलींच्या बाबतीत आपण दुहेरी चूक करतो. एक तर त्यांना शिकवीतच नाही, अथवा स्कूटी घेऊन देऊन दोन दिवसांत रस्त्यावर सोडतो. मुलीसही तितकेच पद्धतशीर शिक्षण मिळाले पाहिजे. ओढणी आणि साडीचा पदर चाकात जाणार नाही असा आवरून घेणे, आणि हेल्मेटला आय.एस.आय. चिन्ह आहे की नाही हे पाहून ते घेणे, या गोष्टी लहान नाहीत. चार वर्षांवरील प्रत्येकास दुचाकीवर हेल्मेट घालणे कायद्याने बंधनकारक आहे. पाठीमागे बसणारी गृहिणी त्यास अपवाद नाही.

आणखी एक गोष्ट मुलांच्या मनावर ठसविली पाहिजे. रस्त्यावर आपला मुलगा एकटाच नसतो. पहाटे कोयता घेऊन निघालेले ऊसतोड मजूर, आठवड्याच्या बाजाराला डोक्यावर टोपली घेऊन चाललेल्या सातपुड्यातील आदिवासी भगिनी, शाळेला जाणारी मुले, ही सारी त्याच रस्त्याच्या कडेने पायी चालतात. त्यांच्याजवळ ना हेल्मेट, ना विमा. आपल्या मुलाच्या मौजेचे मोल त्यांनी का द्यावे? आणि अपघात आपल्या हातून होवो वा दुसऱ्याच्या, पळून न जाता १०८ क्रमांकास फोन करावा. जखमीस मदत करणाऱ्या सज्जनास २०१९ च्या दुरुस्तीने कायद्याचे संरक्षण दिलेले आहे. दुखापतीनंतरचा पहिला तास प्राण वाचविण्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा असतो.

या नंदुरबार नगरीत ९ सप्टेंबर १९४२ रोजी शिरीषकुमार आणि त्याचे बालसवंगडी देशासाठी गोळ्यांना सामोरे गेले. कोवळ्या वयाच्या प्राणाचे मोल काय असते हे या मातीला निराळे सांगावयास नको. तो प्राण उद्या देशाच्या, समाजाच्या आणि घराच्या कामी यावा, भरधाव वेगापायी तो वाया जाऊ नये.

शेवटी मंडळाच्या कार्यकारिणीस आमची नम्र विनंती आहे. गुणगौरव समारंभात वह्या आणि पेले यांऐवजी यापुढे अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांस एकेक चांगले हेल्मेट द्यावे. मंडळाचे पटांगण सुटीच्या दिवशी सकाळी दोन तास शिकाऊ मुलामुलींसाठी खुले ठेवावे, आणि ज्ञातीतील एस.टी.मध्ये नोकरी केलेल्या निवृत्त चालकांनी तेथे येऊन शिकवावे. त्यांच्याइतका अनुभव दुसऱ्या कोणाजवळ आहे? आणि विवाहप्रसंगी जसे आपण काही संकेत पाळतो तसा एक नवा संकेत सर्व घरांनी पाळावा: अठरा वर्षांच्या आत मुलास गाडीची भेट नाही, आणि परवान्यानंतरच्या पहिल्या वर्षी रात्रीचा प्रवास व घाट नाही. यासाठी सरकारी हुकमाची गरज नाही, एका पैशाचा खर्च नाही. मन घट्ट करणे तेवढे लागते.

या सभेचा मंडप उठला की आपल्यापैकी अनेकजण घरी जाण्यासाठी मुलाकडे किल्ली देतील. देण्यापूर्वी त्याचे वय आणि परवाना आठवावा. दोन्ही असतील तर हेल्मेटचा पट्टा आपल्या हाताने आवळून पाहावा. नसतील तर किल्ली आपल्याजवळ ठेवावी. मुलगा आज थोडा रुसेल. उद्या त्याची समजूत निघेल.